चेस इंजिन तर फुकट हाय, मग पैसे नेमके कशाचे द्यायचे?

२०२४ ला गुकेश वर्ल्ड चॅम्पियन झाला, २०२५ ला नागपूरची दिव्या देशमुख वुमन्स वर्ल्ड कप जिंकली, आणि आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पण पोरांना चेसला घालायचं वारं आलंय. रविवारची टुर्नामेंट कधी इथंच, कधी कोल्हापूर-सांगलीला, कधी हुबळी-धारवाड नाहीतर गोव्याला, तिथं हॉलच्या बाहेर बसलेल्या पालकांत एक प्रश्न हमखास निघतोय, कंप्युटरवर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ ओ? मग कोण म्हणतंय फ्रिट्झ, कोण म्हणतंय चेसबेस, कोण म्हणतंय चेस डॉट कॉमची मेंबरशिप, आणि कोण तरी पेनड्राईव्हच काढून दाखवतंय. हे सगळं एकमेकांशी तुलना करायच्या गोष्टीच नाहीत खरं तर, म्हणून हे जरा सविस्तर लिहायलोय, नवीन माणसासाठी, पायरी पायरीनं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जगातलं सगळ्यात ताकदीचं चेस इंजिन फुकट हाय, त्याचं नाव स्टॉकफिश. त्यामुळं 'कुठलं जास्त ताकदीचं' ह्या प्रश्नावर एक रुपया पण घालवायची गरज नाही. पैसे द्यायचेच झाले तर ते डेटाबेसचे, सोयीचे आणि शिकवण्याच्या पद्धतीचे द्यायचे, आणि तुलना पण त्याचीच करायची.

पायरी १: तीन गोष्टी वेगळ्या करा

चेस सॉफ्टवेअर म्हणून जे विकतात त्यात तीन भाग असतात. एक इंजिन, म्हणजे चाल शोधणारं. दुसरा इंटरफेस, म्हणजे पट दिसतोय, सोंगट्या हलवता येतात, डाव सेव्ह होतो तो भाग. तिसरा डेटाबेस, म्हणजे आधी खेळलेल्या लाखो डावांचा साठा. नवीन माणूस स्टॉकफिशच्या साइटवर जातोय, डाउनलोड करतोय, डबल क्लिक करतोय, आणि एक काळी खिडकी उघडते, पट नाही काय नाही, नुसता कर्सर. मग 'व्हायरस आला वाटतं' म्हणून डिलीट. व्हायरस नाही ओ ते, इंजिन असंच असतंय. ट्रॅक्टरचं हेड वेगळं आणि ट्रॉली वेगळी, तसलाच प्रकार, आणि दोघांना जोडणारा हूक म्हणजे यूसीआय नावाचा प्रोटोकॉल. २००० साली आला तो, रुडॉल्फ ह्यूबर आणि श्रेडर इंजिनवाले स्टेफान मायर-कालेन ह्यांनी केला. आज जवळजवळ सगळी इंजिनं तो बोलतात, म्हणून कुठलंपण इंजिन कुठल्यापण इंटरफेसमध्ये बसतंय. तुमच्या ५००० रुपयांच्या पॅकेजमध्ये फुकटचं स्टॉकफिश बसतंय, आणि फुकटच्या इंटरफेसमध्ये पण तेच स्टॉकफिश बसतंय. दुकानदार किंवा जाहिरात 'पॉवरफुल इंजिन सोबत' म्हणाली की हे आठवा.

पायरी २: कोण वापरणार आणि कशावर

हे कागदावर लिहा, खरंच. आठ-नऊ वर्षांचं पोरगं आत्ता चाली शिकून झालेलं? रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) काढायचा प्रयत्न करणारा हायस्कूलचा मुलगा? रिटायर झालेले काका ज्यांना दुपारी कोणीतरी खेळायला पाहिजे? की क्लास घेणारे सर? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येणार हाय.

मग मशीन बघा. फोन आहे, जुना लॅपटॉप आहे, की ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग पीसी आहे? चेसबेस आणि फ्रिट्झ ही दोन्ही विंडोजची सॉफ्टवेअरं, मॅकवाल्यांनी आणि क्रोमबुकवाल्यांनी तिकडं बघायचंच नाही. नेट कसं आहे हे पण धरा. शहरात टिळकवाडीला, शहापूरला बसून वायफायवर सगळं झकास चालतंय, खरं खानापूरच्या पलीकडं जंगलाकडच्या गावात पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोन्ही रुसून बसतात, तिथं सगळा हिशेब ऑफलाइन चालणाऱ्या गोष्टीवर करायला लागतोय.

पायरी ३: फुकटातलं सगळं आधी वापरून बघा

ही पायरी गाळून कोणी थेट दुकानात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

पहिलं लिचेस. २०१० ला फ्रान्सच्या तिबो ड्युप्लेसी ह्यांनी चालू केलं, धर्मादाय संस्था म्हणून चालतंय, देणगीवर, जाहिरात नाही, 'प्रीमियम घ्या' म्हणून मागं लागणं नाही. ब्राउझरमध्ये उघडा नाहीतर ॲप घ्या. त्यात काय काय मिळतंय ते बघा: डाव संपला की कंप्युटर विश्लेषण, 'तुमच्या चुकांतून शिका' म्हणून एक बटण असतंय ते दाबलं की जिथं चुकला तिथंच परत उभं करून चाल शोधायला लावतंय (नवीन पोरांसाठी ह्याच्यापेक्षा चांगलं फीचर मी पैसे देऊन पण बघितलं नाही), पझल्स हवी तितकी, स्टडी म्हणून एक वही जिच्यात सर पोरांना चाली आणि नोट्स लिहून पाठवू शकतात, आणि ओपनिंग एक्सप्लोरर, म्हणजे डावाच्या सुरुवातीला कुठली चाल किती लोक खेळलेत ते दाखवणारं. ह्या एक्सप्लोररमध्ये दोन साठे येतात, एक मास्टर लोकांच्या डावांचा, एक लिचेसवरच्या सामान्य लोकांच्या डावांचा. दुसऱ्यात रेटिंगचा फिल्टर लावता येतोय. तुमचं पोरगं नवीन असेल तर मास्टर लोक काय खेळतात ह्याच्यापेक्षा त्याच्यासारखी पोरं त्या पोझिशनमध्ये काय खेळतात आणि कुठं मार खातात हे बघणं जास्त कामाचं. वर इंटरफेसची भाषा मराठी करता येते, कन्नड पण. काही काही शब्द बघून हसू येतंय, खरं चालतंय.

दुसरं, ऑफलाइनसाठी. पीसीवर लुकास चेस घ्या. स्पेनच्या माणसानं केलेलं फुकट सॉफ्टवेअर, दिसायला जुनाट, मेनू बघूनच डोकं गरगरतंय, खरं आत माल लई हाय. खालच्या ताकदीपासून वरपर्यंत ढीगभर इंजिनं त्यातच येतात, आणि ट्यूटर म्हणून एक सोय आहे, तुम्ही वाईट चाल खेळला की ते अडवून सांगतंय, ही बघ, ह्याच्यापेक्षा चांगली होती. लहान पोरासाठी दुपारभर पुरतंय. डेटाबेसचं काम करायचं असेल तर स्किड व्हर्सेस पीसी, ते लिनक्सवर पण चालतंय. नवीन दिसणारं, सुटसुटीत काही पाहिजे तर एन क्रोसाँ बघा, ते आतूनच स्टॉकफिश डाउनलोड करून देतंय. अँड्रॉइड फोनवर ड्रॉईडफिश, एकदा घातलं की नेट लागत नाही. प्ले स्टोअरवर 'स्टॉकफिश' नावाची जाहिरातीनं भरलेली ॲपं पण असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

स्टॉकफिश स्वतः घालायचं असेल तर त्याच्या अधिकृत साइटवरनंच घ्या. तिथं वेगवेगळे बिल्ड दिसतात, म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी केलेल्या फाइली. गेल्या आठ-दहा वर्षातला लॅपटॉप असेल तर बहुतेक एव्हीएक्स२ वाला चालतोय, तो उघडल्या उघडल्या बंद पडला तर एसएसई४१-पॉपसीएनटी वाला घ्या, जुन्या मशीनला तो बसतोय. मग इंटरफेसमध्ये इंजिन ॲड करा आणि तीन सेटिंग बघा. थ्रेड्स म्हणजे प्रोसेसरचे किती कोर द्यायचे, एक-दोन मोकळे ठेवून बाकीचे द्या, नाहीतर लॅपटॉप घरघरायला लागतोय. हॅश म्हणजे मेमरी, ४ जीबी रॅम असेल तर ५१२ एमबी पुरे, ८ जीबीला १ ते २ जीबी. आणि मल्टी-पीव्ही म्हणजे किती चाली एकदम दाखवायच्या, तो ३ वर ठेवा. एकच चाल दाखवली की पोरगं तीच पाठ करतंय. तीन दिसल्या आणि तिन्हीत फार फरक नसला की त्याला कळतंय की इथं कुठलीपण चालली असती.

पायरी ४: रेटिंगच्या याद्या आणि मोठे आकडे

सॉफ्टवेअर विकणारे आकडे फेकतात. सीसीआरएल नावाची एक यादी असते, त्यात इंजिनं एकमेकांशी हजारो डाव खेळवून रेटिंग काढलेलं असतंय, वरची इंजिनं साडेतीन हजारांच्या वर. मॅग्नस कार्लसनचं आयुष्यातलं सगळ्यात जास्त रेटिंग २८८२. खरं दोन्ही आकडे एका मापानं मोजलेले नाहीत, इंजिनांची यादी इंजिनांत, माणसांची माणसांत. आणि समजा मोजलं तरी, ३६०० चं इंजिन आणि ३५५० चं इंजिन ह्यातला फरक तुम्हाला, मला, क्लासच्या सरांना, कोणालाच पटावर जाणवणार नाही. त्या यादीचा नवीन माणसाला उपयोग एवढाच, की विकायला ठेवलेलं इंजिन फुकटच्या खालीच बसलंय हे डोळ्यानं दिसतंय.

दुसरा आकडा सेकंदाला किती पोझिशन बघतंय हा. हा तर अजून फसवा. १९९७ ला कास्पारोव्हला हरवलेलं आयबीएमचं डीप ब्लू सेकंदाला साधारण २० कोटी पोझिशन बघायचं. तुमच्या लॅपटॉपवरचं स्टॉकफिश त्याच्यापेक्षा कितीतरी कमी बघतंय, आणि तरी डीप ब्लूपेक्षा लई पुढं आहे, कारण काय बघायचं आणि काय सोडायचं हे त्याला जास्त कळतंय. सप्टेंबर २०२० ला स्टॉकफिश १२ आलं तेव्हा त्यात एनएनयूई म्हणजे छोटं न्यूरल नेटवर्क घातलं, साध्या प्रोसेसरवरच चालणारं, आणि एका झटक्यात ताकद वाढली. लीला चेस झीरो नावाचं दुसरं फुकट इंजिन २०१८ पासून आहे, गूगलच्या अल्फाझीरो नावाच्या, स्वतःशीच खेळून शिकलेल्या इंजिनाच्या वाटेनं गेलेलं, ते सेकंदाला त्याहून कमी पोझिशन बघतंय आणि तरी वरच्या पंक्तीत. फक्त लीलाला ग्राफिक्स कार्ड लागतंय. साध्या लॅपटॉपवर घालून 'हे तर काहीच कामाचं नाही' म्हणू नका, त्याला खायलाच दिलेलं नाही तर ते काय करणार. नवीन माणसानं लीलाच्या नादी लागूच नये असं मी म्हणीन.

तिसरा आकडा, जो रोज दिसतोय, तो म्हणजे प्लस-मायनस. प्लस १ म्हणजे एक प्यादं पुढं असं आपण पहिल्यापासून ऐकलंय. स्टॉकफिशच्या बाबतीत २०२२ च्या शेवटी आलेल्या १५.१ पासून तसं राहिलं नाही. आता प्लस १ चा अर्थ साधारण असा, की स्वतःच्याच ताकदीच्या इंजिनाशी खेळलं तर जिंकायची शक्यता निम्मी. म्हणजे इंजिनासाठी. माणसासाठी प्लस १ म्हणजे डाव अजून सगळाच्या सगळा शिल्लक आहे. दोन सॉफ्टवेअरांनी एकाच पोझिशनला वेगळा आकडा दिला म्हणून 'हे खोटं, ते खरं' असा निकाल लावू नका, मापच वेगळं असू शकतंय.

पायरी ५: कोणाशी खेळणार, त्याची ताकद किती खाली येते

काकांसाठी आणि लहान पोरांसाठी हीच खरी तुलना. पूर्ण ताकदीच्या इंजिनाशी खेळून कोणाला काय मिळतंय? प्रत्येक डाव हरायचा. म्हणून बघायचं ते हे, की सॉफ्टवेअर किती खाली उतरतंय, आणि उतरल्यावर माणसासारखं खेळतंय का.

लिचेसवर स्टॉकफिशच्या १ ते ८ पातळ्या आहेत. स्वतःच्या पीसीवर स्टॉकफिशला एलोची, म्हणजे रेटिंगच्या आकड्याची, मर्यादा लावता येते खरं ती १३२० च्या खाली जात नाही, आणि तो आकडा पण फिडेच्या, म्हणजे जागतिक चेस संघटनेच्या, रेटिंगशी जुळवू नका. फिडेनं १ मार्च २०२४ पासून किमान रेटिंग १४०० केलंय, त्यामुळं 'माझं पोरगं १४०० आणि इंजिन १४००, मग सारखंच' असा हिशेब बसत नाही. शिवाय कमी केलेलं स्टॉकफिश विचित्र खेळतंय: वीस चाली ग्रँडमास्टर, एकविसाव्या चालीला वजीर फुकट. पोरगं त्यातनं शिकतंय काय, तर वाट बघत बस, कधीतरी देईल.

ह्याच्यावर उपाय म्हणून माईया नावाचं इंजिन आहे. लिचेसवर माणसांनी खेळलेले डाव घेऊन त्याला शिकवलंय, आणि ते सगळ्यात चांगली चाल शोधत नाही, त्या रेटिंगचा माणूस कुठली चाल खेळेल ते शोधतंय. लिचेसवर त्याचे ११००, १५०० आणि १९०० च्या आसपासच्या खेळाडूंवर शिकलेले बॉट आहेत, फुकट खेळता येतंय. काकांना हे दाखवा, त्यांना पटेल, कारण ते हरतंय पण माणसासारखं. चेस डॉट कॉमवरचे बॉट नाव-चेहऱ्यासकट असतात, बोलतात, पोरांना ते आवडतंय, फुकट खात्यात काहीच उघडे असतात. फ्रिट्झचं पण बलस्थान हेच आहे, घरच्या घरी तुमच्या ताकदीला जुळवून घेऊन खेळणं. चार-पाच डाव प्रत्येकाशी खेळून बघायचे, दुसरा काही उपाय नाही.

पायरी ६: स्वतःचा हरलेला डाव घालून बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. जाहिरात वाचू नका, यूट्यूबवरचे रिव्ह्यू पण जाऊ देत. पोराचा एक हरलेला डाव घ्या, टुर्नामेंटच्या स्कोअरशीटवरचा, आणि जी जी सॉफ्टवेअरं डोक्यात आहेत त्या प्रत्येकात तोच डाव घाला. आणि मग हे बघत जा.

डाव घालायला किती वेळ लागला? चाली एकेक करून पटावर हलवायला लागतात, का सरळ टाइप करता येतात? मध्येच स्कोअरशीटवर चुकीची चाल लिहिलेली निघते (लहान पोरांच्या शीटवर निघतेच, काळ्याचा घोडा आधीच मेलेला असतोय आणि तरी तो चाललेला असतोय) तेव्हा मागं जाऊन दुरुस्त करणं सोपं आहे का? डाव पीजीएन म्हणून बाहेर काढता येतोय का? पीजीएन ही डाव लिहायची १९९० च्या दशकापासून चालत आलेली साधी टेक्स्ट पद्धत, सगळीकडं चालते. ज्या सॉफ्टवेअरमधनं तुमचे डाव पीजीएनमध्ये बाहेर निघत नाहीत ते कितीपण स्वस्त असलं तरी घेऊ नका, तीन वर्षांनी सगळे डाव त्याच्यातच अडकून बसतात.

मग इंजिन चालू करायच्या आधी पोराला विचारा, तुला कुठं वाटलं डाव गेला? त्यानं सांगितलेली चाल लिहून ठेवा. आणि आता इंजिन लावा. बहुतेक वेळा इंजिन सांगतंय की डाव त्याच्या सहा-सात चाली आधीच वाकडा व्हायला लागला होता. मधल्या त्या सहा-सात चालीत काय झालं हे सॉफ्टवेअर कसं दाखवतंय, ह्याच्यावर त्याची किंमत ठरवा. कुठलं नुसतं लाल प्रश्नचिन्ह टाकून मोकळं होतंय. कुठलं उलट चाल दाखवतंय, म्हणजे तू हे खेळल्यावर समोरच्यानं हे केलं असतं. कुठलं चक्क वाक्यात लिहून देतंय, 'ह्या चालीनं उंट सुटला'. ही वाक्यं वाचायला बरी वाटतात, खरं कधी कधी ती खऱ्या कारणाला सोडून वरवरचंच सांगतात, सर जवळ असतील तर त्यांना एकदा दाखवून घ्या. चेस डॉट कॉमचा गेम रिव्ह्यू ह्यासाठीच लोकांना आवडतोय, 'ब्रिलियंट', 'ब्लंडर' असे शिक्के, वर अचूकतेची टक्केवारी. फुकट खात्यात त्याला मर्यादा आहे. एक जुगाड सांगतो: चेस डॉट कॉमवर खेळलेल्या डावाचं पीजीएन कॉपी करा, लिचेसच्या इम्पोर्टमध्ये पेस्ट करा, विश्लेषण मागा. पैसे नाहीत. टक्केवारीच्या मागं मात्र लागू नका, दोन्हीकडचं गणित वेगळं, आणि समोरचा लवकर हरला की आपली टक्केवारी आपोआप चढतेय.

अजून एक छोटी परीक्षा आहे, सगळ्यांना करता येण्यासारखी. पटावर पांढऱ्याचा राजा, एच पट्टीतलं एक प्यादं आणि पांढऱ्या घरातनं चालणारा उंट ठेवा, आणि काळ्याचा एकटा राजा एच८ च्या कोपऱ्यात. प्याद्याला वजीर व्हायचं घर काळं, उंट पांढऱ्या घरातला, त्यामुळं राजाला कोपऱ्यातनं हुसकता येत नाही, बरोबरी. आता बघा, कुठलं सॉफ्टवेअर सरळ 'बरोबरी' सांगतंय आणि कुठलं पांढरा पुढं म्हणून आकडा दाखवत बसतंय. सरळ सांगणाऱ्याच्या मागं बहुतेक टेबलबेस असतंय, म्हणजे थोड्या सोंगट्यांच्या सगळ्या पोझिशनची आधीच काढलेली उत्तरं. सिझिजी नावाचे टेबलबेस फुकट मिळतात: पाच सोंगट्यांपर्यंतचे साधारण १ जीबी, सहा सोंगट्यांचे दीडशे जीबीच्या आसपास, सातचे टीबीत जातात आणि ते घरात ठेवायच्या भानगडीत पडायचं नाही. लिचेसवर सात सोंगट्यांपर्यंतची उत्तरं ऑनलाइन बघता येतात. टेबलबेस डीव्हीडीवर विकत घ्यायचे दिवस गेले.

पायरी ७: आता पैसे

इथपर्यंत करून पण काहीतरी कमी पडतंय असं वाटलं, तर आणि तरच.

चेसबेस आणि फ्रिट्झ दोन्ही जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एकाच कंपनीचे, आणि लोक त्यात हमखास गोंधळतात. फ्रिट्झ हे खेळायचं आणि डाव तपासायचं सॉफ्टवेअर. चेसबेस हे डेटाबेसचं, म्हणजे समोरच्या खेळाडूचे जुने डाव काढ, तो पांढऱ्यानं काय उघडतोय बघ, एकाच पद्धतीच्या एंडगेमचे (डावाच्या शेवटच्या भागाचे) शंभर डाव शोध, तयारीची फाइल बनव. पोराला खेळायला पाहिजे म्हणून चेसबेस घेतलं तर ते पडून राहणार, आणि सरांना तयारीला पाहिजे म्हणून फ्रिट्झ घेतलं तर ते अपुरं पडणार. सोबत मेगा डेटाबेस येतोय तो वेगळ्या किमतीचा, एक कोटीच्या वर डाव, त्यातल्या लाखभर डावांवर जाणकारांची टिप्पणी. सामान्य डाव दुसरीकडं पण मिळतात, 'द वीक इन चेस' १९९४ पासून दर आठवड्याला मोठ्या स्पर्धांचे डाव फुकट देतंय, ते आणून स्किडमध्ये घालता येतंय. मेगाचे पैसे खरं तर त्या टिप्पणीचे आणि नावं-तारखा नीट लावलेल्या असण्याचे. जो स्टेट लेव्हलला खेळतोय, समोरच्याचं नाव आदल्या रात्री कळतंय आणि त्याची तयारी करायला लागतेय, त्याला ह्याचा उपयोग. खानापूर तालुक्यात शाळेची स्पर्धा खेळणाऱ्या पोराच्या समोरच्याचे डाव कुठल्याच डेटाबेसमध्ये नसतात ओ.

किमती मूळ युरोत असतात, भारतात चेसबेस इंडियाकडनं घेता येतं, दोन्हीकडं बघून घ्या. २०२४ पर्यंत चेसबेसची आवृत्ती साधारण दोन वर्षांनी बदलायची, १६ आली २०२० ला, १७ आली २०२२ ला, १८ आली २०२४ ला. नवीन आली म्हणून जुनी बंद पडत नाही, इंजिन तर तुम्ही नवीन स्टॉकफिश आत घालू शकता. त्यामुळं नवीन आवृत्ती यायच्या तोंडावर पूर्ण किमतीत जुनी घेऊ नका, थोडं थांबा.

आणि इंजिनासाठी पैसे का द्यायचे नाहीत ह्याचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. २०२१ च्या सुरुवातीला चेसबेसनं फॅट फ्रिट्झ २ नावाचं इंजिन शंभरेक युरोला बाजारात आणलं. आत होतं स्टॉकफिशच, न्यूरल नेटवर्क वेगळं आणि थोडे बदल. स्टॉकफिश जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे विकायला मनाई नाही, खरं घेणाऱ्याला हे स्टॉकफिशवर केलंय ते सांगायला लागतंय आणि कोड पण द्यायला लागतोय. स्टॉकफिशवाल्यांनी त्याच वर्षी चेसबेसवर जर्मनीत दावा लावला, त्यात हुडिनी ६ नावाच्या दुसऱ्या इंजिनाचं प्रकरण पण होतं, आणि नोव्हेंबर २०२२ ला तडजोड झाली, त्यात चेसबेसनं वर्षभर स्टॉकफिश असलेलं काही विकायचं नाही असं ठरलं. स्टॉकफिश २००८ ला आलं, त्याच्या मागं जगभरचे स्वयंसेवक आहेत, आपापले कंप्युटर चाचणीला लावून देतात, त्यातनं ते इतकं पुढं गेलंय. घेणाऱ्यांनी शंभर युरो दिले आणि मिळालं काय, तर जे फुकट होतं त्याचाच भाऊ.

चेस डॉट कॉमची मेंबरशिप हा वेगळा प्रकार, ते सॉफ्टवेअर नाही, भाडं आहे. महिन्याचं आणि वर्षाचं दोन्ही गणित मांडा, वर्षाला स्वस्त पडतंय खरं परीक्षेच्या तीन महिन्यांत पोरगं हात लावणार नाही हे पण धरा. मला विचाराल तर पोराला तिथले धडे आणि बॉट मनापासून आवडत असतील, तो स्वतःहून रोज बसत असेल, तर घ्या, तो पैसा वाया नाही. नुसतं विश्लेषणासाठी घेऊ नका.

पेनड्राईव्हवर फिरणाऱ्या क्रॅक कॉप्यांबद्दल एवढंच, की त्यात दहा वर्षांपूर्वीचं इंजिन, जुना डेटाबेस आणि वर काय काय चिकटून आलेलं असतंय देव जाणे. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी आजच्या फुकटच्या मालापेक्षा तो माल कमीच.

कुठलंपण विकत घेताना आधी विचारून घ्या: सीरिअल नंबर किती पीसीवर चालतो, लॅपटॉप फॉरमॅट केला तर परत ॲक्टिव्हेट होतोय का, अपडेट किती दिवस मिळणार, डीव्हीडी येणार का नुसती लिंक (आता बहुतेक लॅपटॉपला डीव्हीडी ड्राईव्हच नसतोय). बिल नावावर घ्या.

सगळं बसवून झालं की पोराला एक नियम पहिल्याच दिवशी सांगा, ऑनलाइन डाव चालू असताना दुसऱ्या खिडकीत इंजिन उघडायचं नाही, 'नुसतं बघत होतो' असं पण नाही. लिचेस आणि चेस डॉट कॉम दोन्हीकडं चाली तपासणारी यंत्रणा आहे, सापडलं की खात्यावर शिक्का बसतोय नाहीतर खातं बंद होतंय. टुर्नामेंटच्या हॉलमध्ये तर फोन खिशात सापडला तरी डाव जाऊ शकतो, मग तो बंद असला तरी, त्यामुळं फोन गाडीत नाहीतर तुमच्याकडंच ठेवून त्याला आत पाठवा.